फुल्व्हिओची निवड

आद्रिया,
शनिवार, १४ फेब्रुवारी १९९८

प्रिय फुल्व्हिओ,

तू आणि लोरेदाना मजेत असाल. इकडे धुकं हटायचं नाव घेत नाही. ग्रात्सिएला खोकून बेजार आहे, पण बाजारात जायचं काही सोडत नाही. मी बरा आहे. नोव्हेंबरात फुटबॉल क्लबने मला काढून प्रशिक्षकपद तुला दिलं तेव्हा तू म्हणाला होतास, बसून पगार खायचा, याहून सुख कोणतं? खरंय. जूनपर्यंतचा करार आहे माझा. आपल्याकडे प्रशिक्षकाला काढत नाहीत, दोरीवर वाळत घालतात आणि लागला की पुन्हा अंगात चढवतात.

परवा लोरेदाना ग्रात्सिएलाला भेटली. म्हणाली, "ह्यानं साखर कारखान्यातली नोकरी सोडली तेव्हा आठवडाभर रडले गं मी. आता वाटतं, बरं झालं. झोपेतसुद्धा बचावफळी लावत असतो." ग्रात्सिएलाने घरी येऊन भांडी आपटली. अजून नवऱ्याशी धड बोलत नाही.

तू सारखा हरतोयस. वाईट वाटतं असं लिहायला हवं. देनिसचा फोन येतो अधूनमधून. आता कप्तान असला तरी माझ्याच हाताखाली वाढलेला पोरगा, प्रशिक्षकाला म्हणतात तसं मला अजून 'मिस्टर'च हाक मारतो. म्हणतो, "मिस्टर, फुल्व्हिओ इतकं हळू बोलतात की वाटतं कुणाची तरी मयत आहे." मी पोट धरून हसलो. मग म्हटलं, गुडघा जप बाबा, उगाच जीव काढू नकोस.

अकरा वर्षं आपण जोडीने मागे खेळलो. लोक आपल्याला भिंत म्हणायचे. मी 'पुढे' ओरडलो की तू पुढे, 'मागे' म्हटलं की मागे. चेंडू काढून घेण्यात तुझ्यासारखा पाय कुणाचा नव्हता. पण स्वतःच्या मनाने तू कधी हललेला मला आठवत नाही.

म्हणूनच अध्यक्ष झानेल्लांना तुझं नाव मी सुचवलं. तुला वाटतं, त्यांनी तुझे गुण हेरले. त्यांच्या मनात पादुआचा एक खमक्या माणूस होता. तो आला असता तर संघ सावरला असता आणि मी दोरीवरच कुजलो असतो. मी फोनवर म्हटलं, "फुल्व्हिओला घ्या, पोरांचा जीव आहे त्याच्यावर." ग्रात्सिएला शेजारीच बसून ऐकत होती.

काल झानेल्ला घरी आले. तिने त्यांना कॉफीसुद्धा विचारली नाही.

"मऊ निघाला हो तुमचा दोस्त."

"माणूस चांगला आहे," मी म्हणालो.

"चांगुलपणा काय चाटायचाय? रविवारी जिंको नाहीतर हरो, सोमवारी त्याला नारळ देतो. मंगळवारी तुम्ही मैदानावर या."

तुझा करार महिन्याच्या बोलीवरचा, म्हणजे तुला दोरीसुद्धा नाही. एका क्लबला शिकवलंस की या हंगामात दुसऱ्या क्लबच्या बाकावर प्रशिक्षक म्हणून बसता येणार नाही, हा नियम तुला ठाऊक आहेच. कारखान्यात तुझ्या जागी आलेला माणूस कायम झाला म्हणतात.

हे पत्र तुला मंगळवारी मिळेल. ग्रात्सिएला सकाळपासून मागे लागली आहे, निदान आज फोन करून सांग त्याला, इतकी तरी लाज ठेव. मी केला नाही. तू विचारलं असतंस, "मग आता मी काय करू?" आणि अकरा वर्षांच्या सवयीने मी सांगून बसलो असतो.

या वेळी तुझं तू बघ.

ओत्ताव्हिओ