कचेरीच्या लेखी अविवाहित

७ जानेवारी १९५७, जळगाव
आयकर कचेरीनं अर्ज फेटाळला! पगारातून जादा कापलेला कर परत मागितला होता. उत्तर आलं — श्री. ल. का. नेहेते, आपण अविवाहित असल्याने सवलत लागू नाही. अविवाहित! मग आठ वर्षांपूर्वी चोपड्याला मांडव उभा राहिला तो कुणाचा? कापसाच्या जिनिंगमध्ये सोबत काम करणाऱ्या पितांबरला वाचून दाखवलं. हसला, आणि मग एकदम हिशेबाच्या वहीत डोकं खुपसलं. त्याला ठाऊक आहे — मंदा तीन वर्षं माहेरीच आहे.

१० जानेवारी
धुळ्याला जाऊन आलो. कचेरीत वना पवार नावाचा कारकून आहे. माणूस सभ्य. म्हणाला, नोंद अशी का झाली ते शोधावं लागेल. तोवर बायकोच्या सहीचा कागद आणून ठेवा. ती माहेरी असते म्हटलं. मग काय, एका दिवसाचं काम, म्हणाला.
मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

१४ जानेवारी
संक्रांत. शेजारच्या बेबाबाई तिळगूळ देऊन गेल्या. वहिनी कधी येणार, असं आता त्याही विचारत नाहीत.

२० जानेवारी
चोपड्याला गेलो. बाळ गेल्यावर मंदाला इथं पोचवलं, त्यानंतर आजच. थोडे दिवस राहते म्हणाली होती. मी बोलवीन म्हणून ती थांबली, ती येईल म्हणून मी. बहुतेक असंच झालं.
सासरे, जीवराम आबा, ओट्यावर बसले होते. त्यांना कागदाचं सांगितलं. मग म्हणाले, "जावईबापू, कागदसाठे उनात का पोरसाठे?"
कागदासाठी आलो की त्यांच्या पोरीसाठी! मी पिशवीतून कागद काढला.
मंदा वाळली आहे. तिनं कागद दोनदा वाचला — 'सदर गृहस्थ माझे पती असून...' सही केली. माझं नाव, आडनाव, सगळं घालून. "जेवून जा," एवढंच म्हणाली. वाढलं तिनंच. मी ताटातून मान वर काढली नाही. चल म्हणायचं अगदी जिभेवर आलं होतं. मोटारीची वेळ झाली म्हणून उठलो. वेळ झाली नव्हती.

२४ जानेवारी
पुन्हा धुळे. पवारनं कागद उघडलाच नाही, दुसरीच फाईल पुढे केली. नशिराबादला एक मास्तर आहेत, तेही ल. का. नेहेते. लग्न न झालेले. आमच्या दोघांच्या नोंदी अदलाबदल झाल्या होत्या. त्या बिचाऱ्याला वर्षभर कचेरीच्या लेखी बायको होती!
पवार ओशाळला. कर परत मिळेल म्हणाला. "हा कागद राहू द्या तुमच्याकडेच. आता लागत नाही."
चूक दुरुस्त झाली. घरी आलो. कुलूप मीच काढलं, दिवा मीच लावला.

२८ जानेवारी
चोपड्याला कार्ड टाकलं. कराबद्दल एक अक्षर नाही. रविवारी न्यायला येतो, एवढंच.

३ फेब्रुवारी
सकाळी निघायला दार उघडलं, तर पुढ्यात मंदा! तिचा भाऊ भटू ट्रंक ठेवून लगेच गेला. उंबऱ्याबाहेरूनच तिनं विचारलं, "कागद चालला का?"
"चालला," म्हटलं.