चाळीसपैकी चाळीस

१ जुलै, मंगळवार. सकाळी ७.१०
काल ऑनलाइन टेस्ट दिली. 'तुम्ही हायली एम्पथेटिक आहात का?' दहा प्रश्न, प्रत्येकी चार मार्क. पहिल्यांदा चाळीसपैकी सव्वीस आले. माझा विनयशील स्वभाव आडवा आला होता. पुन्हा प्रामाणिकपणे दिली. चाळीस.

चौतीस वर्षं दुसऱ्यांचं दुःख जाणवण्याचं हे ओझं वाहतोय आणि त्याला नाव असतं हेच माहीत नव्हतं. खाली लिहिलं होतं, अशा माणसांनी करिअर जपून निवडावं, चुकीच्या ऑफिसात ती कोमेजतात. मी अकरा वर्षं बेंगळुरूत, व्हाइटफील्डमध्ये सॉफ्टवेअर टेस्टिंग करतोय. म्हणजे दिवसभर दुसऱ्यांच्या चुका काढायच्या. कोमेजणार नाही तर काय!

सकाळी ७.४०
नागराज सरांना राजीनाम्याचा मेल टाकला. शेवटचा दिवस ३१ जुलै. तोवर शिल्लक रजा, ती सिस्टिमने आपोआप मंजूर केली. नीलिमाला सांगितलं. बायको गालाला हात लावून माझ्याकडे बघत राहिली. भारावली असावी. मग म्हणाली, नंदू, ३१ पर्यंत दुसरं काही मिळालं तर ठीक, नाहीतर मेल मागे घ्यायचा. मी हो म्हटलं. मागे घ्यायची वेळ येणारच नाही.

३ जुलै, गुरुवार
योग्य करिअरची यादी केली. नर्स: रक्त बघवत नाही, कट. शिक्षक: मुलं फार बोलतात, मध्येच बोलतात, कट. काउन्सेलर: परत कॉलेज, कट. उरलं ते ऐकणं. ऐकायला डिग्री लागत नाही.

नागराज सरांचं उत्तर नाही. माणूस हादरलेला दिसतो.

५ जुलै, शनिवार. दुपारी
ऐकण्याची प्रॅक्टिस. नीलिमाला समोर बसवलं, एक तास फक्त तिचा. ती म्हणाली, मला तीन आठवडे इतकं दुखतंय— मी लगेच पूर्ण केलं: की माझ्यासारख्या माणसाला कंपनीने ओळखलंच नाही. पुन्हा म्हणाली, रात्री झोप लागत नाही. म्हटलं, मलाही. मग माझ्या झोपेबद्दल जरा सविस्तर बोललो. चाळीसाव्या मिनिटाला ती उठून भात टाकायला गेली.

हल्ली रोज मऊ भात करते. साधं राहणं. माझा परिणाम.

८ जुलै, मंगळवार. संध्याकाळी
इंटरव्ह्यू, इलेक्ट्रॉनिक सिटी. 'एम्प्लॉयी हॅपिनेस ऑफिसर'. पोस्ट जणू माझ्यासाठीच काढलेली. पवित्रा नावाच्या मॅडम होत्या. विचारलं, दुसऱ्याची अडचण ओळखून मदत केल्याचा एखादा प्रसंग सांगा. मी आज सकाळचाच सांगितला: कॅब उशिरा आली, फ्लायओव्हरवर पाऊण तास अडकलो, ड्रायव्हरला माझी अवस्था कळतच नव्हती. पस्तीस मिनिटं बोललो. मॅडमनी दोनदा डोळे पुसले. सर्दी होती म्हणाल्या. सर्दी!

घरी पोचायच्या आत नकाराचा मेल. भावनेच्या भरात माणूस चुकीचं बटण दाबतो. समजू शकतो.

११ जुलै, शुक्रवार
माणसांना माझी पातळी झेपत नसेल, तर प्राणी. बसने आनेकलला गेलो. तिथल्या एका कुत्र्यांच्या शेल्टरमध्ये माणूस हवा होता. बसवंत म्हणून केअरटेकर, निपाणीकडचे, त्यामुळे मराठी बोलणारे. त्यांनी एका घाबरलेल्या कुत्रीशेजारी बसवलं आणि सांगितलं, सर, कायबी बोलू नका, नुसतं बसा. पण नुसतं बसून तिला कळणार कसं, की मी तिला समजून घेतोय? शांतपणे समजावून सांगितलं. कुत्री उठली, पोत्यामागे गेली. मी पोत्यामागे गेलो. ती दुसऱ्या खोलीत गेली.

बसवंत म्हणाले, तुम्ही यायच्या आधी निजली होती की ती. थोडं लागलं त्यांचं बोलणं. पण एवढं प्रेम एकदम मिळालं की बिचकणारच मुकं जनावर.

१४ जुलै, सोमवार
सापडलं! घरापासून दोन मेट्रो स्टेशनं. 'नेम्मदी', ज्येष्ठांचं डे-केअर. नेम्मदी म्हणजे कानडीत निवांतपणा. पोस्टचं नाव 'साथी'. काम एकच, आजी-आजोबांशेजारी बसायचं आणि त्यांचं ऐकायचं. रम्या मॅडम सगळं बघतात. दोन आठवडे ट्रायल, ३० तारखेला निकाल. अगदी वेळेत.

नीलिमाला सांगितलं. ती मीटिंगमध्ये होती. हल्ली कॅमेरा बंद ठेवते. आत्मविश्वास कमी झालाय बहुतेक. ही नोकरी पक्की झाली की तिच्याकडे बघतो.

१६ जुलै, बुधवार
पहिला दिवस. तिघांचं टेबल मिळालं. कृष्णाबाई, वय त्र्याऐंशी, साठ वर्षं बेंगळुरूत, मराठीत अर्धं कानडी, सगळ्या पोरांना 'तम्मा' म्हणतात. महांतेश अज्जा, रेल्वेतून रिटायर झालेले गार्ड. आणि उपेंद्रराव. बायको गेल्यापासून आठ महिने ते कोणाशीही एक शब्द बोललेले नाहीत. खिडकीकडे तोंड करून बसतात.

समोरचा मोकळा व्हावा म्हणून आधी आपण मोकळं व्हावं, असं वाचलंय. मोकळा झालो. तेवढ्यात तीन तास संपले. कृष्णाबाईंनी त्यांचं बिस्किट मला दिलं आणि म्हणाल्या, स्वल्प खा बाबा, किती बोलशील!

१८ जुलै, शुक्रवार
माझ्यासाठी खुर्ची धरून ठेवली होती! आज टेबलाला सात जण. मात्र दुःख अजून कुणीच उघड करत नाही, मलाच चालू ठेवावं लागतं. नागराज सरांचा सगळा विषय संपवला. महांतेश अज्जा म्हणाले, शिट्टी वाजायच्या आधी गाडीतून उतरायचं नसतं. रेल्वेतली काहीतरी गोष्ट असेल.

कृष्णाबाईंनी विचारलं, बायको काय म्हणते? म्हटलं, फार बोलत नाही. काय खाते? मऊ भात. कुठल्या बाजूनं चावते? आता हा काय प्रश्न झाला! वयामुळे मन भरकटतं. लक्ष नाही दिलं असं मी प्रेमाने सांगितलं. सातही जण एकमेकांकडे बघायला लागले.

२१ जुलै, सोमवार. संध्याकाळी ६.३०
ऐतिहासिक दिवस. मी कुत्रीची हकीकत सांगत होतो. ती दुसऱ्या खोलीत गेली इथवर आलो आणि खिडकीकडून खणखणीत आवाज आला: अरे, गप्प बस ना जरा!

उपेंद्रराव! आठ महिन्यांनी! रम्या मॅडम धावत आल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी. महांतेश अज्जांनी टाळ्या वाजवल्या. मी माझ्या रेझ्युमेत टाकलं: 'आठ महिन्यांचं मौन तीन दिवसांत सोडवलं.'

२३ जुलै, बुधवार
कृष्णाबाईंनी रुमालात बांधून मूठभर लवंगा दिल्या. बायकोला दे म्हणाल्या. किती लोभ! नीलिमा मीटिंगमध्ये होती म्हणून मीच चहात टाकल्या. चहा झकास झाला. तिला नेऊन दिला. एक घोट घेतला आणि कप ठेवून दिला. फार गरम होता म्हणे.

२४ जुलै, गुरुवार. दुपारी
कृष्णाबाईंनी विचारलं, दिल्यास का लवंगा? चहा झकास झाला म्हणून सांगितलं. मग उपेंद्ररावांनी खुर्ची फिरवली, चक्क आमच्याकडे तोंड केलं आणि म्हणाले, अरे गाढवा, तिची दाढ दुखतेय.

हसलो. मला चाळीसपैकी चाळीस आहेत. बायकोची दाढ दुखत असती तर मला कळलं नसतं?

संध्याकाळी ७.००
विचारलं. डावी, खालची. १२ जूनपासून.

चारदा सांगितलं होतं म्हणे. एकदा तर त्या ऐकण्याच्या तासातच. पेनकिलरवर दिवस काढतेय. गाल सुजलाय म्हणून कॅमेरा बंद. मग डेंटिस्टकडे का नाही गेलीस, विचारलं. म्हणाली, भीती वाटते. कोणीतरी शेजारी बसायला हवं होतं.

मी दीड महिना शेजारी बसायचीच नोकरी शोधत होतो. नाही, दीड महिना नाही, चोवीस दिवस. पण दाढ दीड महिन्याचीच आहे. फार वाईट वाटलं. याला टेस्टमध्ये मार्क नाहीत.

सोमवारची अपॉइंटमेंट घेतली. आता नीलिमाचा हात धरून बसणार. शेवटी योग्य वर्कप्लेस मिळाला.

२८ जुलै, सोमवार
रूट कॅनाल. डॉक्टर शिवलीला, हसतमुख. मी नीलिमाचा हात घट्ट धरला. म्हटलं, घाबरू नकोस, मी आहे. ड्रिल सुरू झालं.

त्यानंतरचं मला आठवत नाही. डोळे उघडले तेव्हा मी शेजारच्या खुर्चीत आडवा, पाय वर, असिस्टंट लिंबूपाणी पाजतोय. नीलिमाच्या तोंडात कापसाचे बोळे, पण तिने हात लांब करून माझा हात धरला होता. डॉक्टरांनी तिला विचारलं, भीती गेली का? तिने मान डोलावली. बोळे काढल्यावर म्हणाली, भीती वाटायला वेळच मिळाला नाही.

परतताना रिक्षावाल्याने विचारलं, पेशंट यारु, म्हणजे कोण? नीलिमाने माझ्याकडे बोट दाखवलं आणि अर्ध्या बधिर तोंडाने हसत सुटली. दीड महिन्यात पहिल्यांदा. वाकडं हसू, पण मला फार बरं वाटलं.

३० जुलै, बुधवार
निकाल. रम्या मॅडम म्हणाल्या, साथी म्हणून तुम्हाला घेता येणार नाही, कारण साथीला ऐकावं लागतं. हे स्पष्ट झालं. पण पुढे म्हणाल्या, येणं बंद करू नका, प्लीज. उपेंद्रराव आता जेवतातही टेबलावर. बुधवारी संध्याकाळी एक तास तरी या, सगळ्यांची इच्छा आहे.

मानद पद असणार. विचारलं नाही, ते शोभत नाही.

३१ जुलै, गुरुवार. सकाळी ११.००
दिलेला शब्द पाळला. राजीनामा मागे घ्यायला नागराज सरांना फोन केला. सांगितलं, सर, गेला महिना तुम्हाला किती जड गेला असेल, मला कल्पना आहे. ते म्हणाले, कौनसा मेल? मग बहुधा शोधला. मग म्हणाले, सरी सरी, ठीक है, छुट्टी खतम ना? कल आ जाओ, रिलीज है.

मेल उघडलाच नव्हता.

६ ऑगस्ट, बुधवार. संध्याकाळी ७.४५
सकाळी नीलिमा उजव्या-डाव्या दोन्ही बाजूंनी भाकरी चावत होती. बघितलं. नोंद केली. मग तिला म्हटलं, ती टेस्ट माझ्या वतीने तू दे. तिने दिली. चाळीसपैकी नऊ. एका प्रश्नाला मात्र पैकीच्या पैकी: 'दुसऱ्याची वेदना पाहून तुम्हाला शारीरिक त्रास होतो का?' चारपैकी चार. मी सुरुवात म्हणून हे चांगलं आहे असं धरतो.

ऑफिसातून थेट नेम्मदीला गेलो. दारातच नवीन नोटीस बोर्ड. सोमवार: योगासनं. मंगळवार: भजन. बुधवार: नंदू. गुरुवार: कॅरम. खाली कृष्णाबाईंच्या थरथरत्या अक्षरात: 'बिस्किटं दोन पुडे आणणे.'

बोर्ड दोनदा वाचला. मग ठरवलं, पुरे झालं. आज मी तोंड उघडणार नाही. आत गेलो. सगळे अर्धगोल करून बसलेले, उपेंद्रराव पहिल्या रांगेत. मी कृष्णाबाईंसमोर खुर्ची ओढली आणि म्हटलं, आजी, आज तुमचं सांगा. कशा आहात?

त्यांनी माझ्या हातात बिस्किट ठेवलं. म्हणाल्या, माझं राहू दे तम्मा, आज तुझा वार आहे.

मग सुरुवात केली. राजीनाम्यापासून.