युनियनची खोली

६ नोव्हेंबर, सकाळी ८
आजपासून रोजनिशी. पुढेमागे युनियनच्या इतिहासाला उपयोगी पडेल.
काल चौसाळ्यात आम्ही चौदा प्लॉट-एजंट जमलो. रिक्षावाल्यांची युनियन आहे, आपलीच का नाही? नियम पहिला मीच सुचवला: दुसऱ्या एजंटला डावलून कुणी थेट मालकाकडे जायचं नाही. टाळ्या.

९ नोव्हेंबर
ऑफिससाठी आमच्यातल्याच शहादेवने वत्सलाबाईंची हायवेलगतची खोली शोधली. सगळ्यांना पसंत. तो नारायणगडाला दर्शनाला गेल्यावर मी सहज बाईंकडे गेलो. फक्त पंखा चालतो का बघायला. बोलता बोलता भाडं ठरलं आणि बाईंनी दलाली माझ्याच हातावर ठेवली. नको म्हणणं बरं दिसलं नसतं. शिवाय नियम अजून कागदावर कुठे आलाय?

त्याच दिवशी, दुपारी ४
जेवण गेलं नाही. मन खातंय. बाप आजारी पडला तेव्हा शहादेवच जीप घेऊन आला होता. उद्या सांगून टाकणार. नक्की.

१० नोव्हेंबर
शहादेवला सर्दी झालीय. सर्दीत माणसाला असलं काही सांगू नये.

१३ नोव्हेंबर
मीटिंग. अध्यक्षपदाला शहादेवने माझंच नाव सुचवलं. म्हणाला, अंगदसारखा सरळ माणूस हाय का दुसरा? मी मान खाली घातली. लोकांना वाटलं, केवढी नम्रता!
नियम पहिला लेखी झाला. मग शहादेव माझ्याकडे बघत म्हणाला, खोलीची दलाली आली की युनियनला खुर्च्या घेतो. सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या. लाज वाटली, पण हात थांबेनात.

१८ नोव्हेंबर
उपाय सापडला! खुर्च्या आपणच गुपचूप आणायच्या. फिटंफाट. सांगायचीही गरज नाही.
दुकानात गेल्यावर आठवलं, त्या पैशांतून गाडीचे टायर बदलून झालेत. दोनच आणल्या. प्लास्टिकच्या.

२० नोव्हेंबर
सांगायलाच निघालो होतो. अमावस्या निघाली.

२३ नोव्हेंबर
उद्घाटन. बारा जण आलेच नाहीत. रविवार, गिऱ्हाइकाला प्लॉट दाखवायचा दिवस. दोन खुर्च्या पुरल्या.
नारळ फोडला आणि मी सगळं सांगून टाकलं. टायरसुद्धा. शहादेव खोबरं चावत राहिला. मग म्हणाला, "ठावं हाय मला. बाईनं त्याच दिवशी फोन केलता. तुला अध्यक्ष कावून केलं मग? म्हणलं, लाजंनं तरी लवकर सांगशील."
मी तिथेच राजीनामा लिहिला. तो कुणाकडे द्यायचा, तर अध्यक्षाकडे. घडी करून खिशात ठेवला.
निघताना शहादेवने खोलीला कुलूप लावलं. किल्ली अध्यक्षाकडे असते. त्याने ती आपल्या खिशात टाकली. मी मागितली नाही.