गाळलेले तक्ते

१३ नोव्हें. ८८, रविवार
पहिली कॅसेट फुकट. सुनंदाने लावली तर माझं पहिलं वाक्य गायबच. ती हसत सुटली. "शोभाताई, सुरुवातीला पांढरी पट्टी असते, तिच्यावर काही उमटत नाही. बटण दाबलंस की मनात पाच मोज, मग बोल." डोळे मला, आणि पट्टी ठाऊक तिला!
मागच्या चाळीतली ही पोरगी जन्मापासून आंधळी. बी.ए.चा एकच पेपर राहिलाय, अर्थशास्त्र. तो सुटला की अंध मुलांच्या शाळेत शिक्षिका. तिथल्या बाईंनी जागा राखून ठेवलीय. पुस्तक ब्रेलमध्ये नाही, म्हणून मी वाचायचं, तिने ऐकायचं. मी मॅट्रिक, पण वाचन खणखणीत, असं तीच म्हणते.

४ डिसें.
आमच्या जुन्या आरत्यांच्या चार कॅसेटी दिल्या. पाठच्या भोकांवर सेलोटेप लावली की पुन्हा भरता येतात. कितवी आहे ते कळावं म्हणून सुनंदा कडेला ब्लेडने खाचा पाडते. आज सहा खाचा. म्हणाली, "टेपमध्ये तुझ्या कुकरच्या तीन शिट्ट्या झाल्या की समजतं, प्रकरण संपत आलं." बरं वाटलं. वागळे इस्टेटला दिवसभर औषधाच्या बाटल्यांना लेबलं लावते, तिथे कोण कौतुक करतंय.

२९ जाने. ८९
दोन आठवडे ओव्हरटाइम. आज नणंद जेवायला. त्यात पान ११२, उत्पादन खर्चाचा तक्ता. आडवे आठ रकाने, उभ्या दहा ओळी, नुसते आकडे. दोन ओळी वाचल्या, जीभ अडखळली. टेप मागे घेऊन पुसल्या. सरळ पान उलटलं. म्हटलं, तक्ता हा बघायचा असतो, तिला काय उपयोग. पुढे आणखी तीन आले. तेही उलटले.
'इथे तक्ता आहे' एवढंसुद्धा बोलले नाही. एक वाक्य. तेवढाही वेळ नव्हता म्हणे मला.

५ फेब्रु.
तिने विचारलंच. "यात तक्ते नाहीत का गं? अर्थशास्त्रात असतात म्हणे. असले तर वाच हं, मी ब्रेलच्या पाटीवर टोचून घेईन."
मी म्हटलं, "होते एक-दोन. वर वाचलेलंच सगळं त्यात."
"बरं." एवढंच म्हणाली. तिने उलटतपासणी केली असती तर बरं झालं असतं. घरी आल्यावर भरून टाकीन म्हणत होते, पण पुस्तक कॉलेजला परत गेलं.

१८ एप्रिल
पेपर. लेखनिक मीच. दहावीपर्यंतच शिकलेली हवी असा नियम, म्हणजे माझं कमी शिकणं एकदाचं कामाला आलं. सुपरवायझर आधीच बजावून गेले, "ती सांगेल तेवढंच लिहायचं. एक शब्द बोलायचा नाही."
मी प्रश्न वाचून दाखवते, ती सांगते, मी लिहिते. पहिले दोन झकास. तिसरा: तक्त्याच्या साहाय्याने सरासरी खर्च व सीमांत खर्च यांचा संबंध स्पष्ट करा. १५ गुण.
ती थांबली. म्हणाली, "तक्ता? पुस्तकात नव्हता ना गं." सुपरवायझर पाठीशीच. मला पान ११२ डोळ्यांसमोर दिसत होतं, रकान्यांसकट. तोंडाला कुलूप. नियमाचं कुलूप, आणि माझं स्वतःचंही.
"पुढचा घे," ती म्हणाली.

१९ एप्रिल
कामावर सत्तर लेबलं उलटी लावली. सुपरवायझरीणबाई ओरडल्या. बरं वाटलं कोणी ओरडलं म्हणून.

२१ जून
३१. पस्तीस हवे होते.
सुनंदा म्हणते, "मीच नीट ऐकलं नसेल. कुठेतरी डुलकी लागली असेल." तिचा दादा ओट्यावर बसून, तिला ऐकू जाईल असं मला म्हणाला, "वहिनी, तुम्ही एवढं वाचलंत. हिच्या डोक्यात शिरतच नाही तर कोण काय करणार? आता पुरे. ऑक्टोबरचा फॉर्म भरायचा नाही."
शाळेतल्या बाई दिवाळीपर्यंत थांबायला तयार आहेत. फॉर्मची शेवटची तारीख १० जुलै.
मी चहा पिऊन परत आले. चहा पिऊन! शी.

२५ जून, रविवार
कॉलेजातून पुस्तक आणलं. यांना आणि मुलांना माजिवड्याला आत्याकडे धाडलं, कुकर लावलाच नाही. चारही तक्ते वाचले. आधी रकान्यांची नावं, मग ओळ पहिली, ओळ दुसरी. पान ११२चा आख्खा तक्ता वाचायला अकरा मिनिटं लागली. अकरा मिनिटांसाठी पोरीचं वर्ष.
कॅसेटच्या सुरुवातीला कबुलीही दिली. "सुनंदा, पुस्तकात तक्ते होते. मी कंटाळून गाळले, तुला खोटं सांगितलं, म्हणून तो प्रश्न गेला. तुझी चूक नाही, दादालाही ऐकव."
बटण दाबलं आणि लगेच बोलले. पाच मोजले नाहीत.
विसरले असं लिहिणार होते. विसरले नाही.
परत ऐकूनही पाहिलं नाही. संध्याकाळी देऊन आले.

२ जुलै, रविवार
सुनंदा स्वतः आली, काठी टेकत, एकटीच. पाटीवर चारही तक्ते टोचून झालेत. बोटं फिरवून दाखवलं मला, सीमांत खर्च कुठे सरासरीच्या वर जातो ते. मला डोळ्यांनी इतकं कळलं नव्हतं.
मग कॅसेट काढून मांडीवर ठेवली. बराच वेळ खाचा चाचपत होती.
"शोभाताई, ही 'म्हणून तो प्रश्न गेला' इथून सुरू होते. पुढे 'तुझी चूक नाही, दादालाही ऐकव'. दादाला काय ऐकवू? अर्धंच आहे."
मी उठून स्वयंपाकघराकडे वळले.
"आधी काय होतं?"
म्हटलं, सांगते, दूध ठेवलंय गॅसवर. ती म्हणाली, "दुधाचा वास तर येत नाहीये." रागावून नाही, साधंच.
टेपरेकॉर्डर तिने पुढ्यात ओढला. कॅसेट आत घातली, अगदी सुरुवातीपर्यंत मागे घेतली, हाताने चाचपून दोन्ही बटणं एकदम दाबली. लाल दिवा लागला.
"सांग," ती म्हणाली. "पण मोजून."
एक. दोन. तीन. चार.