उजव्या पट्टीची बटणं

दि. ६ फेब्रुवारी

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

आधी मशीनवरून पाय काढ, मग वाच. बातमी चांगली नाही. मला कामावरून काढलं.

मागच्या महिन्यात माझं नवं ओळखपत्र आलं, हे तुला कळवलंच होतं. नाव माझं, पुढे ‘स्त्री’. पगाराच्या कागदांवरही तेच लागावं म्हणून मी ते नाचत नाचत ऑफिसात नेऊन दिलं. दुसऱ्याच दिवशी मॅनेजरने मला कटिंगच्या टेबलावरून उठवून खाली पॅकिंगला बसवलं. बायकांच्या संडासात जायचं नाही, पुरुषांच्याही नाही, असा शिपायाकरवी निरोप आला. मग मी दिवसभर पाणीच प्यायचं सोडलं. आठवड्याने हातात पत्र पडलं, की नोकरीला लागताना खरी ओळख लपवली, कारखान्याची फसवणूक केली, सबब कमी करण्यात येत आहे. आठ वर्षं मी त्या टेबलापाशी बाईच्या कपड्यांत उभी राहून शाळांचे नि हॉस्पिटलांचे युनिफॉर्म कापते आहे. लपवलं कुठे, कात्रीच्या खणात?

एक वकीलबाई भेटल्या आहेत. त्या म्हणतात कायदा आपल्या बाजूने आहे. मी बाई आहे हे मला कुणापुढे सिद्ध करायचं नाही, मी सांगते तेवढं पुरे. पारलिंगी आहे म्हणून कुणाला कामावरून काढताही येत नाही. सिद्ध एवढंच करायचं, की मॅनेजरला पहिल्यापासून माहीत होतं आणि फसवणुकीचा हा सगळा कांगावा आहे. टेबलावरच्या सगळ्यांनी मूग गिळले आहेत. त्यांनाही पोटं आहेत, मी रागावत नाही.

पण आत्या, तू कारखाना बघायला आली होतीस ते आठवतं? दाराच्या पायऱ्यांशी तुझा गुडघा अडला आणि नेहमीसारखं पोरी, हात दे म्हणालीस. मॅनेजर मागेच होता. तुमच्या भाचीचा हात फार सफाईचा आहे, असं त्याने तुला स्वतःच्या तोंडाने सांगितलं. तिथे आपण तिघंच होतो. तू येऊन तेवढं एक वाक्य सांगशील ना?

तुझ्या मायेवरच इथवर आले, पुढेही ती असू दे.
तुझी भिंगरी

दि. १२ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

तुझं पत्र वाचलं आणि लागोपाठ दोन सुया मोडल्या. त्या मॅनेजरला माझ्यासमोर उभा कर, मापाची टेप गळ्याला गुंडाळून सांगते कोणी कोणाला फसवलं ते. पाणी प्यायचं सोडलंस म्हणे. वेडी की खुळी?

आईबाप गेल्यावर तू माझ्याकडे आलीस तेव्हा एवढीशी होतीस. अस्तराच्या चिंध्या कमरेला बांधून दुकानभर गिरक्या घ्यायचीस. भिंगरी हे नाव मी ठेवलं. गल्लीतली पोरं भिंगऱ्या म्हणून चिडवायला लागली तेव्हा कापड मोजायचा गज घेऊन मी चौकापर्यंत पळाले होते, गुडघे धड होते तेव्हा. त्या वेळी कायदा नव्हता, माझा गज होता.

येणार म्हणजे येणार. दुकानातल्या माझ्या पाच जणी एक दिवस सांभाळतील. आणि तू तिथे चुरगळलेल्या कपड्यांत जायचं नाहीस. गडद निळ्या कापडाचा कोट शिवायला घेते. माप पाठवू नकोस, माझ्या डोळ्यांत आहे. तेवढी बारीक झाली असशील तर कळव, आणि झाली असशील तर आधी बोलणी खा.

माझे आशीर्वाद दाराशी राखणीला बसवले आहेत असं समज.
तुझी आत्या

दि. २५ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशाशी ठेवलं आहे. गज आठवून इतकी हसले की शेजारीण बघायला आली.

सुनावणी नऊ एप्रिलला आहे. मॅनेजरने लेखी उत्तर दिलं आहे, की मी त्याला कायम पुरुष म्हणूनच माहीत होते आणि हे सोंग आत्ता कागद बदलल्यावर सुरू झालं. सोंग म्हणे. माझ्या जागी जो नवा बसवला आहे तो बाह्या तिरक्या कापतो, दोन धुण्यांत पीळ पडेल. ते खरं सोंग.

वकीलबाई म्हणाल्या, की त्याच्या शब्दापुढे आता फक्त तुझा शब्द आहे. तू उभी राहिलीस तर टेबल परत मिळेल, नाहीतर फसवणुकीचा शिक्का घेऊन मला दुसरीकडेही कुणी उभं करणार नाही. मी त्यांना सांगितलं, निर्धास्त राहा, माझ्या आत्याला अजून गिऱ्हाईकसुद्धा हलवू शकलेलं नाही. बारीक झाले आहे, थोडीच.

मायेचा धागा आखडता घेऊ नकोस.
तुझी भिंगरी

दि. १४ मार्च

चि. भिंगरीस,
अ. आ.

उत्तराला उशीर झाला. दुकानात श्वास घ्यायला फुरसत नाही. हॉस्पिटलच्या गाऊनचं मोठं काम अचानक आलं आहे, सगळी मशीनं दोन पाळ्यांत चालतात. कोणाचं काम ते सावकाश सांगीन. माझ्या पाच जणी खूश आहेत.

सुनावणीला यायचं बघते, पण गुडघ्याचा काही भरवसा नाही. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात, ते काही उगाच नाही. मनात येतं, तू सरळ इकडे निघून ये. तुझं जुनं मशीन झाकून ठेवलं आहे. इथे तुला कोण काय म्हणणार?

कोट सोबत पाठवते. जपून वापर.
आत्या

दि. २१ मार्च

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

कोट पोचला. कॉलर अशी बसली आहे की आरशासमोरून हलवेना. खांद्याला एक सुरकुती नाही.

पण आत्या, काजं डाव्या पट्टीवर आहेत आणि बटणं उजव्या. हा पुरुषाचा कोट आहे.

तुझं मत मला तोंडपाठ आहे. शिवण उसवता येते, काज एकदा कापलं की कापलं, म्हणून काजाआधी कात्री खाली ठेवायची आणि दोनदा बघायचं. चाळीस वर्षांच्या शिवणकामात तुझ्या हातून पट्टी चुकल्याचं मी ऐकलं नाही. मला दहाव्या वर्षी पहिला सदरा शिवलास तेव्हासुद्धा दार लावून विचारलं होतंस, बटणं कुठल्या बाजूला लावू. आणि मी सांगितलं त्याच बाजूला लावली होतीस. तेव्हा घाईच झाली असणार. गाऊनच्या रगाड्यात एखाद्या नव्या मुलीने पट्ट्या जोडल्या असतील. भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं तू गिऱ्हाइकांना हसत म्हणायचीस, तो आज माझ्या वाट्याला आला म्हणते आणि सोडून देते.

खरं सांगायचं तर सोडून देता येत नाही. तू येते आहेस ना, एवढं एका ओळीत कळव.

वाट बघणारी,
तुझी भिंगरी

दि. २ एप्रिल

आत्या,

तुझी ओळ आली. माझ्याकडे नाही, मॅनेजरच्या वकिलाकडे.

वकीलबाईंनी मला खुर्चीवर बसवलं, पाण्याचा ग्लास पुढे ठेवला आणि मग तुझा जबाब वाचायला दिला. आपला भाचा लहानपणापासून चारचौघा मुलांसारखाच होता. कारखान्यात मॅनेजरसाहेबांनी त्याचा उल्लेख भाचा असाच केला होता. घरात असलं काही कधी दिसलं नाही. खाली तुझी सही, शेवटच्या अक्षराची शेपटी लांब ओढलेली. ती शेपटी मी गिऱ्हाइकांच्या पावत्यांवर हजारदा बघितली आहे, नाहीतर कुणीतरी बनावट केली म्हणून भांडले असते.

गाऊन कोणाचे ते आता सावकाश सांगायची गरज नाही. कापडाच्या गठ्ठ्यांवर आमच्या कारखान्याचीच चिठ्ठी असणार. मॅनेजर माझा शत्रू आहे, त्याने शत्रूसारखं वागावं. टेबलावरच्यांनी मान खाली घातली, तेही समजलं. तू केसाने गळा कापलास. भिंगरी हे नाव ठेवणाऱ्या बाईला घरात असलं काही कधी दिसलं नाही?

मी कायद्याचं पुस्तक पुन्हा पुन्हा चाळलं. मालकाविरुद्ध त्यात कलम आहे, सरकारी कचेरीविरुद्ध आहे, घर नाकारणाऱ्या घरमालकाविरुद्ध आहे. आत्याविरुद्ध कुठेच काही नाही. लिहिणाऱ्यांना वाटलं असेल, तिथे लागणार नाही.

वकीलबाईंनी तुला उलटतपासणीला बोलावलं आहे. मी नको म्हटलं नाही. जे सही करून दिलंस ते माझ्यासमोर उभी राहून सांग.

भिंगरी

दि. ५ एप्रिल

चि. भिंगरीस,
आशीर्वाद घेशील तर अनेक आशीर्वाद.

मॅनेजर स्वतः दुकानात आला होता. स्टुलावर बसला, चहा प्यायला, तुझ्याबद्दल एक वाकडा शब्द काढला नाही. पोरीला इजा करायची नाही, फक्त कारखान्याचं नाव राखायचं आहे, म्हणाला. गाऊनचं काम देतो, आणि नाही ऐकलं तर कारखान्याकडून शाळेच्या युनिफॉर्मचं येतं तेही उचलतो. तो बोलत होता आणि माझ्या पाच जणी मशीनं बंद करून ऐकत होत्या. त्यातल्या दोघींच्या घरी दुसरं कुणी कमावतं नाही. तुझ्या हातात कला आहे, तू तरुण आहेस, तुला कुठेही टेबल मिळेल असं मी मनाला सांगितलं. या बायकांना कोण विचारणार?

आणि भिंगरे, कागदावर काय लिहिलं त्याने तू बदलतेस का? घरात तू माझी पोरच आहेस. दहा जबाब दिले तरी ते कुणी पुसणार नाही.

कोटाचं विचारलंस. कुणा नव्या मुलीने नाही, मीच शिवला. सही आधी केली, कोट नंतर शिवला. काजं कापून झाल्यावर मला दिसलं. टाकून द्यावा असं वाटलं, पण तू वाट बघत होतीस.

आत्या

दि. २८ एप्रिल

ती. आत्यास,
नमस्कार.

काल निकाल आला. माझं टेबल मला परत मिळालं, माझ्या नावाने. पॅकिंगला बसवणं, संडास बंद करणं आणि कामावरून काढणं, तिन्ही बेकायदा ठरली. तू निकालाला नव्हतीस आणि मॅनेजर तुला सांगायला येणार नाही, म्हणून लिहिते.

सुनावणीचा दिवस तुला आठवत असेल, तरी माझ्या बाजूने काय दिसलं ते वाच. मी तुझाच कोट घालून गेले. तू मॅनेजरच्या गाडीतून उतरलीस, तुझी नजर थेट माझ्या बटणांवर गेली आणि मग तू मला पाहिलंच नाहीस. साक्षीदाराच्या चौथऱ्यावर चढताना त्याच्या वकिलाने तुला हात दिला. वकीलबाईंनी तीनदा विचारलं आणि तीनदा तू भाचा म्हणालीस, टायपिंग करणाऱ्या कारकुनाच्या बोटांकडे बघत. आवाज जराही कापला नाही. मला वाटलं होतं की निदान तेवढं होईल.

मग तुला उतरायला सांगितलं. तुझा गुडघा लचकला. मॅनेजरचा वकील हाताशी उभा होता, मी भिंतीपाशी होते. तू त्याच्याकडे न बघता माझ्या दिशेने हात पसरलास आणि भरल्या खोलीत म्हणालीस, पोरी, हात दे. कारकुनाची बोटं थांबली. त्यांच्या वकिलाने हरकत घेतली, की साक्ष संपली आहे. सुनावणी घेणाऱ्या अधिकारीबाई शांतपणे म्हणाल्या, सुनावणी संपलेली नाही, आणि ते वाक्य लिहून घ्यायला लावलं. मग मॅनेजरला विचारलं, की कारखान्याच्या पायऱ्यांवरही बाई असंच म्हणाल्या होत्या का. त्याने आपल्या वकिलाकडे बघितलं.

सगळे मला सांगतात, बघ, शेवटी रक्ताचं नातं बोललं. वकीलबाईंनी मिठी मारली. माझ्याच्याने हसवेना. खोटं सांगायला तू महिनाभर तयारी केलीस आणि खरं सांगायला तुझा गुडघा लचकावा लागला. तो लचकला नसता तर तू त्या गाडीत बसून परत गेली असतीस, आणि मी आज कुठल्याच टेबलापाशी नसते.

गाऊनचं काम त्याने तुझ्याकडून काढून घेतलं, असं ऐकलं. तुझ्या पाच जणींचं मला वाईट वाटतं. इकडे कुणी काम देणारं भेटलं तर त्यांच्याकडे पाठवीन. ते त्यांच्यासाठी असेल.

घरात मी तुझी पोरच आहे म्हणालीस. घरातली पोर मला पुरत नव्हती, आत्या. मॅनेजरही तेच म्हणत होता, की घरात काय असायचं ते असा, कागदावर नको. कागदावरची पोर मिळवायला मी निघाले, तेव्हा घरातली तूच घालवलीस.

कोट परत करत नाही. रोज कामाला तोच घालते. बटण लावताना हात अजून उलट्या बाजूला जातो, मग आठवतं.

त्या दिवशी हात मी दिला, कारण लहानपणापासूनची सवय होती. यापुढे पायऱ्या उतरताना कठड्याला धरत जा.

भिंगरी