थेंबातली बाई

कल्याण, कार्तिक व॥ ५, शके १८११

चिरंजीव हरिहरभावोजींस वहिनीचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

वर्षश्राद्धाला तुम्ही ठाण्याहून आलात, बरे वाटले. माणसांत बोलता आले नाही म्हणून लिहिते. अक्षर वेडेवाकडे आहे. तुमच्या दादांच्या पुस्तकांवरूनच गिरवून शिकले.

त्यांच्या कॅमेऱ्यात शेवटच्या फोटोची काच तशीच राहिली होती. काळ्या फडक्यात बांधून गड्याबरोबर पाठवते. धुवून काढा. मागे तुम्ही धुतलेल्या काचेवरच्या कोळ्याचे चार पाय वाहून गेले होते, तसे करू नका.

शेणाळे तळ्याकाठी वहाणा नीट जोडून ठेवलेल्या सापडल्या, म्हणून लोक म्हणतात त्यांनी जीव दिला. वहाणा ते नेहमीच काढत, फोटो काढताना पाण्यावरचा चतुर दचकून उडू नये म्हणून. पण आदल्या संध्याकाळी मी रागाने म्हटले होते, किड्यांशीच संसार करा. शेवटी त्यांच्यासमोर काय होते, तेवढे कळवा. माझे ते बोलणे होते की चतुर, एवढेच मला हवे.

तुमच्या मायेवर विसंबून,
सगुणा


ठाणे, कार्तिक व॥ ११

तीर्थस्वरूप वहिनींस बालक हरिहरचा सा. न. वि. वि.

काच धुतली. या खेपेस सगळे पाय शाबूत! लव्हाळ्यावर चतुर आहे, पंखांवर दव, डोळ्यांची जाळीसुद्धा दिसते. दादाने नाचून घर डोक्यावर घेतले असते. कागदावरची प्रत सोबत आहे.

एक विचारतो, रागावू नये. पात्याच्या टोकाला मोठा थेंब आहे, त्यात समोरचा काठ उमटला आहे. भिंगातून पाहिले. फडक्याखाली वाकलेला दादा, आणि मागे पायरीवर एक बाई. डोक्यावरून आलवण, एक हात पुढे केलेला. त्या वेळी तिकडे कोणी विधवा येत असे का? तिला सारे ठाऊक असेल. आई म्हणते, काच फोडून टाक. मी आपल्या उत्तरासाठी थांबलो आहे.

आपल्या आशीर्वादाचा भुकेला,
हरिहर


कल्याण, मार्गशीर्ष शु॥ ४

चिरंजीव हरिहरभावोजींस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तशी कोणी बाई तिथे येत नसे. त्या सकाळी मी स्वतः घरी चूल पेटवत होते, कपाळाला कुंकू होते.

ती पायरी पाहावी म्हणून रोज उजाडताना तळ्यावर जाऊ लागले. काल त्या पायरीवर उभी राहिले. धुके होते. खाली पाण्यालगत कॅमेरा मांडलेला, आणि फडक्याखाली पाठ. सदऱ्याला ठिगळ मी लावलेले.

हात पुढे केला, हाक मारणार तोच थांबले. काच उघडी असताना बोलायचे नाही, श्वासही जपून घ्यायचा, ही त्यांचीच शिकवण. मनात चाळीस मोजले. कॅमेऱ्याच्या भिंगावर झाकण बसल्याचा आवाज आला. मग हाक मारली.

ते वळले. आधी हसले. मग माझे कोरे कपाळ पाहिले, आणि एक पाऊल मागे, पाण्याकडे सरले.

काच फोडू नका. लोकांना सांगा, त्यांनी जीव दिला नाही, पाय घसरला. तेवढे खरे आहे. हाक कोणी मारली, ते आपल्या दोघांत राहू द्या.

हे वाचूनही पूर्वीचाच लोभ ठेवाल ना?

सगुणा