फाट्यापर्यंतचे रिकामटेकडे

३ ऑक्टोबर, बुधवार
कचेरीचं पत्र. माझी गाडी बंद होणार. फोन आला की दारात जायचं, माणूस उचलायचा, फाट्यावर साडेनऊची शहराची बस गाठून द्यायची — सहा वर्षं हेच केलं. आता रोज सहा जण त्या बसला पोचवले नाहीत तर महिनाअखेर किल्ल्या परत. आज किती? एकटी पॉलीन. तिला आठवड्यातून तीनदा डायलिसिस. दुसरं वाहन नाही.
तिला पत्र दाखवलं. म्हणाली, "बघते मी." ही काय बघणार?

५ ऑक्टोबर, शुक्रवार
बघितलं तिने! गावभर फोन फिरवले. नऊ जण. शहरात काम एकालाही नाही. ओल्गाच्या मांडीवर कोंबडी — डॉक्टरला दाखवायला.
"काय झालंय तिला?"
"काही नाही. झाल्यावर दाखवून काय उपयोग?"

९ ऑक्टोबर, मंगळवार
पॉलीनचा दवाखाना नाही, तरी आठ. त्यात नेस्टर आणि ओरेस्ट. सख्खे भाऊ, बांधावरून अकरा वर्षं अबोला. नेमकी शेवटची जोडसीट उरली.
नेस्टर मला म्हणाला, "लेस्या, त्या माणसाला सांग, कोपर आवर."
ओरेस्ट म्हणाला, "त्याला सांग, सीट त्याच्या बापाची नाही."
बाप दोघांचा एकच. मी गाडी हाकली.

१२ ऑक्टोबर, शुक्रवार
बस वेळेआधीच सुटत होती. पॉलीनचा दवाखाना चुकणार! आम्ही सगळे हातवारे करत धावलो, ओल्गा कोंबडीसकट. ड्रायव्हरचं लक्षच नाही. तेवढ्यात नेस्टर पुढे जाऊन रस्त्यात चक्क मांडी घालून बसला. ब्याऐंशी वर्षांचा माणूस!
ओरेस्ट ओरडला, "नेस्ट्या, ऊठ गाढवा, मरशील!"
बस थांबली. नेस्टर काही उठेना. आम्हाला वाटलं, पाय आखडले.
"मला म्हणालास?" त्याने विचारलं.
"मग काय कोंबडीला?"
ओरेस्टनेच त्याला हात देऊन उठवलं.

१९ ऑक्टोबर, शुक्रवार
परतीला दोघे भाऊ एकाच डब्यातून पिरोगी, बटाट्याच्या उकडलेल्या करंज्या, खात होते. तेल सीटवर. पुसलं मी.

३० ऑक्टोबर, मंगळवार
कचेरीतून फोन. ते पत्र दुसऱ्याच गाडीचं, पाकिटं बदलली. आमची बंद होणारच नव्हती. "फार धावपळ नाही ना झाली, बाई?"
गावात कुणाला सांगितलेलं नाही. उद्याचे फोन आले — अकरा जण.